दोन रिपोर्ट, एक झडप

(सामुदायिक रेडिओवर महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)



आजचा विषय आधी सांगितला तर निम्म्या जणी रेडिओ बंद करून कामाला लागतील. म्हणून आधी माझ्या आत्याची गोष्ट सांगते. विषय त्यातून आपोआप येईल.

आत्या ६६ वर्षांची. सगळं आयुष्य शेतात गेलेलं, बसून राहणं तिला माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर ती मला म्हणाली, "पोरी, विहिरीपासून घरापर्यंत यायला मला मधी दोनदा टेकावं लागतंय." आम्ही म्हटलं, वय झालं. ती म्हणाली, "वय काय एका महिन्यात होतंय?" गावच्या डॉक्टरांनी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ तसाच धरून ठेवला, आणि टू-डी इको करून आणायला सांगितलं.

तालुक्याला इको झाला. रिपोर्टात लिहिलं होतं, महाधमनीची झडप मध्यम अरुंद. झडपेतून जाताना रक्ताचा जास्तीत जास्त वेग सेकंदाला ३.४ मीटर. तीन आठवड्यांनी शहरात दुसरीकडे दाखवलं, तिथे पुन्हा इको. या वेळी वेग ४.२ मीटर, आणि पुढे शब्द 'सिव्हिअर', म्हणजे तीव्र. झडप बदलावी लागेल असं त्यांनी सांगितलं.

बाई तीच, झडप तीच, रिपोर्ट दोन. घरात लगेच दोन तट पडले. आतेभाऊ म्हणाला, "दुसऱ्यांना ऑपरेशनचं गिऱ्हाईक पाहिजे." त्याची बायको म्हणाली, "पहिल्यांचं मशीन जुनं असंल." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि माझा विषयच मुळी पाइपातून पाणी कसं वाहतं हा आहे. रक्त काय, पाणी काय, हिला कळायलाच हवं! मी दोन्ही रिपोर्ट उलटेसुलटे वाचले, आणि खरं सांगते, मला काही सांगता आलं नाही. आम्ही कुठल्या रिपोर्टावर विश्वास ठेवला ते तुम्ही ओळखलंच असेल. ज्यात खर्च नव्हता त्यावर.

त्यानंतरचे सात-आठ महिने मी या प्रश्नाच्या मागे लागले. एकाच झडपेचे दोन आकडे कसे येतात? आणि त्यातला खरा कोणता, हे ठरवायचं कसं? त्या शोधात मला जे सापडलं तो आजचा विषय. संगणकात एक खोटं हृदय तयार करायचं आणि त्याच्यावर सोनोग्राफीचं यंत्र तपासून बघायचं. हे काम जगात बऱ्याच ठिकाणी चालू आहे, आणि त्याचा आपल्या छातीशी सरळ संबंध आहे.

आधी झडप म्हणजे काय ते बघू. ज्यांच्या घरी विहिरीवर मोटर आहे त्यांना फुटव्हॉल्व्ह माहीत असतो. पाणी वर येऊ द्यायचं, पण परत विहिरीत जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. तो गळायला लागला की मोटर फिरते पण पाणी चढत नाही. हृदयात असे चार फुटव्हॉल्व्ह आहेत, फक्त ते रबराचे नाहीत, पातळ पडद्यासारख्या पाळ्यांचे आहेत. दिवसाला साधारण एक लाख वेळा त्या उघडतात आणि मिटतात. झडपेला दोन प्रकारचं दुखणं होतं. एक तर ती नीट मिटत नाही, म्हणजे गळते. नाही तर नीट उघडत नाही, म्हणजे अरुंद होते. आत्याची दुसरी तऱ्हा. हृदयातून सगळ्या अंगाला रक्त नेणारी जी मोठी नळी, महाधमनी, तिच्या तोंडावरची झडप चुना साचून कडक झाली होती.

आता बागेला पाणी देताना आपण नळीच्या तोंडावर अंगठा धरतो. तोंड लहान झालं की पाणी जोरात उडतं. झडपेचंही तसंच. जेवढी अरुंद, तेवढी रक्ताची धार वेगवान. म्हणजे धारेचा वेग मोजला की झडप किती बिघडली ते कळतं. हा वेग बाहेरून कसा मोजायचा? छातीवर फिरवतात त्या यंत्राच्या तुकड्याला प्रोब म्हणतात. तो आपल्याला ऐकू न येणारा आवाज आत सोडतो आणि प्रतिध्वनी ऐकतो. शरीरात हा आवाज सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगाने जातो. एसटी हॉर्न वाजवत आपल्याकडे येते तेव्हा हॉर्नचा सूर चढा असतो आणि आपल्याला ओलांडून गेली की तो उतरतो, हे तुम्ही ऐकलं असेल. रक्तावरून परतणाऱ्या आवाजाचा सूरही असाच बदलतो, आणि त्यावरून यंत्र रक्ताचा वेग काढतं. याला डॉप्लर म्हणतात.

हृदय आवाजाने बघण्याची सुरुवात झाली ती स्वीडनमधल्या लुंड या गावी, १९५३ साली. इंगे एडलर नावाच्या डॉक्टरांना ऑपरेशनच्या आधी झडप कशी आहे ते कळायला हवं होतं. त्यांना हेल्मुट हर्ट्‌झ हे भौतिकशास्त्रज्ञ भेटले. जवळच्याच मालमो शहरात जहाजं बांधण्याचा कारखाना होता. तिथे लोखंडाच्या जोडात कुठे भेग राहिली का ते आवाजाने तपासायचं यंत्र वापरत. त्यांनी तसलं यंत्र छातीवर धरून बघितलं. जहाजाची भेग शोधणारं यंत्र माणसाच्या काळजाला लागलं!

पण मला जास्त आवडते ती नॉर्वेची गोष्ट, कारण तिच्यात एक बाई आहे. त्रोन्हाइम शहरातल्या हृदयतज्ज्ञ लिव्ह हॅटले. त्या काळी झडपेच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजायचा तर मांडीच्या किंवा हाताच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत सरकवावी लागे. हॅटलेबाई आणि ब्यर्न अँगल्सन या इंजिनिअरांनी १९७८ साली दाखवून दिलं की डॉप्लरने मिळालेल्या वेगावरून हा दाबाचा फरक बाहेरूनच काढता येतो. आधी मायट्रल झडपेसाठी, मग १९८० साली महाधमनीच्या झडपेसाठी. हिशेब आपल्याला वहीत करता येईल इतका सोपा आहे. वेगाचा वर्ग करायचा आणि त्याला चाराने गुणायचं. आज जगभर कुठल्याही इकोच्या रिपोर्टात दाबाचा जो आकडा येतो तो याच हिशेबाने.

आत्याच्या रिपोर्टांना हा हिशेब लावू. ३.४ चा वर्ग साडेअकरा, गुणिले चार, म्हणजे ४६. ४.२ चा वर्ग साडेसतरा, गुणिले चार, म्हणजे ७०. हा दाब आपण बीपीत मोजतो त्याच मापातला. दंडावर पट्टा बांधून आत्याचं बीपी १२० दिसतं. पण झडपेच्या अलीकडे हृदयाला त्याहून कितीतरी जास्त जोर लावावा लागतो, तेव्हा कुठे पलीकडे १२० पोचतात. एका रिपोर्टाप्रमाणे हा जादा जोर ४६ पर्यंत, दुसऱ्याप्रमाणे ७० पर्यंत. वेगातला फरक थोडासा, पण वर्ग केल्यामुळे दाबातला फरक केवढा झाला बघा. आणि डॉक्टरांच्या पुस्तकात 'तीव्र'ची रेघ ४ मीटरवर आहे. एक आकडा रेघेच्या अलीकडे, एक पलीकडे.

आता वेगाचा आकडा चुकतो कुठे? एसटीचंच उदाहरण घ्या. एसटी सरळ तुमच्या अंगावर येत असेल तर सूर पुरता बदलतो. तुम्ही रस्त्याच्या बाजूला दूर शेतात उभ्या असाल आणि ती समोरून आडवी जात असेल, तर सूर फारसा बदलत नाही. एसटीचा वेग तोच, पण तुमच्या कानाला तो कमी वाटतो. डॉप्लरलाही रक्त फक्त आपल्याकडे किती येतंय किंवा आपल्यापासून किती दूर जातंय एवढंच कळतं. प्रोब धारेच्या रेषेत धरला नाही, तर वेग कमी दिसतो. जास्त कधीच नाही, कमीच. ४.२ चा ३.४ व्हायला किती तिरकेपणा लागतो? मी काढून बघितलं. ३६ अंश. घड्याळात बारा आणि एक यांच्यामध्ये ३० अंश असतात. त्याहून जरासा जास्त, बास. एवढ्यात 'तीव्र'चं 'मध्यम' होतं.

तुम्ही म्हणाल, मग सरळ धरायला काय होतं? होतं असं की धार दिसत नाही हो. फासळ्यांच्या मधल्या फटीतूनच बघावं लागतं, मध्ये फुप्फुसातली हवा येते. शिवाय कडक झालेल्या झडपेतून धार सरळ निघेलच असं नाही. एक पाळी जास्त कडक असली की ती बाजूला फेकली जाते, नळाच्या तोटीत खडा अडकल्यावर पाणी तिरकं उडतं तशी.

इथे तो संगणक येतो. वाण्याचा तराजू बरोबर आहे का हे तपासायचं असेल तर आपण काय करू? त्यावर वांगी ठेवून उपयोग नाही, कारण वांग्यांचं खरं वजन आपल्यालाही माहीत नाही. खात्रीचं, छाप मारलेलं किलोचं वजन ठेवून काटा बघावा लागेल. इकोच्या यंत्राची अडचण हीच आहे. जिवंत माणसाच्या हृदयात, प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक क्षणाला रक्ताचा खरा वेग किती, हे कोणालाच माहीत नसतं. मग यंत्र चुकतंय की बरोबर सांगतंय, हे कशाशी ताडून बघणार? संगणकातलं खोटं हृदय म्हणजे ते छाप मारलेलं वजन. ते आपणच बनवलेलं असतं, म्हणून त्यातल्या थेंबाथेंबाचा वेग आपल्याला माहीत असतो.

ते बनवतात कसं? एखाद्या रुग्णाचा सिटी स्कॅन घेतात आणि त्यावरून हृदयाच्या कप्प्यांचा आकार संगणकात उभा करतात. त्या पोकळीचे लाखो बारीक तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यातलं रक्त शेजारच्या तुकड्यातल्या रक्ताला किती ढकलतं, याची गणितं करतात. नियम जुनेच आहेत, न्यूटनचे. रक्त कुठे नाहीसं होत नाही, आपोआप तयार होत नाही, आणि ढकलल्याशिवाय वेग घेत नाही. तरी बराच काळ झडपेचं गणित जमत नव्हतं, कारण झडप जागची हलते. दोरीवर वाळत घातलेली साडी आठवा. वारा साडीला हलवतो आणि फडफडणारी साडी वाऱ्याची वाट बदलते. कोणाचं गणित आधी करायचं? हा तिढा न्यूयॉर्कमधल्या चार्ल्स पेस्किन यांनी १९७२ साली सोडवला. झडप म्हणजे रक्तात बुडालेले ताणले जाणारे धागे, असं धरून त्यांनी दोन्ही गणितं एकत्र बांधली. ही रीत पुढे माशांच्या पोहण्यापासून कीटकांच्या पंखांपर्यंत कशाकशाला लागली. पण ती जन्मली हृदयाच्या झडपेसाठी.

हे झालं खोटं रक्त. आता खोटी सोनोग्राफी. डेन्मार्कच्या यॉर्गन येन्सन यांनी १९९०च्या दशकात एक संगणक-प्रणाली केली. प्रोबमधून आवाज कसा निघेल, कशाकशावर आपटेल, परत येताना कसा मिसळेल, ते ती गणिताने सांगते. २००९ मध्ये बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या अबिगेल स्विलेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही दोन्ही खोटी कामं जोडली. आधी रक्ताचा प्रवाह गणिताने काढायचा, त्या प्रवाहात लाखो बारीक कण सोडायचे, मग खोटा प्रोब लावून त्या कणांवरून प्रतिध्वनी घ्यायचा आणि खऱ्या यंत्रासारखीच चित्रं काढायची. त्यांनी ते मानेतल्या रक्तवाहिनीसाठी केलं. त्या कामात नॉर्वेतल्या त्रोन्हाइमचेही लोक होते, म्हणजे हॅटलेबाईंच्याच गावचे. पुढे फ्रान्समध्ये माँपेलियेच्या मंडळींनी रुग्णाच्या स्कॅनवरून हृदयाच्या डाव्या बाजूचा पूर्ण प्रवाह गणिताने उभा केला. लियाँचे डॅमियन गार्सिया रंगीत डॉप्लरवरून रक्तातले भोवरे काढायची रीत शोधत होते. ती रीत त्या खोट्या हृदयावर लावून तपासली गेली. उत्तर आधीच माहीत असलेली परीक्षा.

गार्सियांच्या गटाने आपली प्रणाली सगळ्यांना फुकट वापरायला दिली आहे. मग मी काय केलं, माझ्या शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थिनींना घेऊन बसले. संशोधन वगैरे नाही हो, वर्गातला उद्योग. एक नळी, तिच्यात अरुंद तोंड, धार जरा तिरकी, खरा वेग ४.२. आणि खोटा प्रोब हवा तिकडून लावायचा. जिवंत बाईच्या छातीत फासळ्या आडव्या येतात, इथे कोणी अडवायला नाही. एका बाजूने बघितलं तर ३.४. दुसऱ्या बाजूने ३.९. धारेच्या तोंडासमोर प्रोब आणला, ४.२. मला हे कागदावर आधीच माहीत होतं. पण पडद्यावर तोच प्रवाह, तेच यंत्र, आणि आकडा बदलताना बघितला तेव्हा पोटात खड्डा पडला. दोन्ही रिपोर्ट लिहिणारे प्रामाणिक असू शकत होते. यंत्र जुनं असायचीही गरज नव्हती आणि कोणाला गिऱ्हाईकही नको होतं.

त्या उद्योगात आणखी एक दिसलं. रंगीत चित्रात धार होती त्याहून जाडी दिसत होती, कारण आवाजाचा झोत सुईसारखा बारीक नसतो, तो पसरतो. म्हणजे चुका दोन्हीकडे होतात. हे मी मुद्दाम सांगते, नाही तर तुमचा समज व्हायचा की यंत्र नेहमी कमीच दाखवतं. डॉप्लर धारेतली सगळ्यात वेगवान जागा धरतो. त्यापुढे धार मंदावते आणि वेगातला थोडा जोर पुन्हा दाबात परत येतो. महाधमनी लहान असेल तर हा परत मिळणारा दाब जास्त. अंगाने लहानखुऱ्या बायकांची महाधमनीही बहुधा लहान असते. त्यांच्या बाबतीत साधा हिशेब हृदयावरचा भार आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतो.

गळणाऱ्या झडपेचं तर आणखी मजेशीर आहे. भोकाकडे चारी बाजूंनी रक्त धावतं, मोरीच्या जाळीकडे पाणी ओढलं जातं तसं. किती गळतं हे काढताना डॉक्टर असं धरतात की समान वेगाच्या रक्ताचा आकार भोकाभोवती अर्ध्या चेंडूसारखा आहे. चेंडूची त्रिज्या मोजायची, वर्ग करायचा. पुन्हा वर्ग! ८ मिलिमीटरच्या जागी ९ मोजले तर गळती सव्वापटीहून जास्त दिसते. आणि भोक गोल नसून फटीसारखं लांबट असेल तर अर्धा चेंडू उरतच नाही, करंजीसारखा लांबोडा आकार होतो. संगणकात अशा फटी करून बघितल्यावर कळतं की चेंडूच्या हिशेबाने गळती कमी मोजली जाते. आता तीन बाजूंनी बघणारे नवे प्रोब आलेत, ते फटीचा आकारच दाखवतात. अशा नव्या यंत्रांची परीक्षाही आधी खोट्या हृदयावर घेता येते.

आपल्या भागात मात्र झडपेचं दुखणं म्हातारपणापर्यंत थांबत नाही. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, नीट औषध होत नाही. मग सांधे धरतात. संधिवाताचा हा ताप काही मुलांच्या झडपा खाऊन जातो. बायकांमध्ये हे जास्त दिसतं, आणि पुष्कळदा ते पहिल्यांदा कळतं गरोदरपणात. पोटातल्या बाळासाठी हृदयाला जास्त रक्त फिरवावं लागतं आणि चिकटलेली मायट्रल झडप ते जाऊ देत नाही. सून जिना चढताना धापा टाकते आणि घरातल्या बायका म्हणतात, सगळ्यांनाच होतं. या झडपेचा आकार नरसाळ्यासारखा होतो. इकोत तिचा आडवा छेद घेऊन भोक मोजतात. छेद नरसाळ्याच्या अगदी टोकाला घेतला तर बरोबर, बोटभर नव्हे, काही मिलिमीटर वर घेतला तरी भोक मोठं दिसतं आणि आजार लहान. मला या सगळ्या कामातली उणीव वाटते ती इथे. संगणकातली पुष्कळशी हृदयं श्रीमंत देशांतल्या रुग्णांच्या स्कॅनवरून बनतात, आणि तिकडे ही नरसाळ्यासारखी झडप आता फारशी दिसत नाही. ज्यांचा आजार, त्यांचं छाप मारलेलं वजनही त्यांच्याच मापाचं हवं ना? आपल्याकडे गणित येणाऱ्या मुलींची कमी नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने तिरक्या तबकडीची देशी कृत्रिम झडप बनवली, ती १९९० च्या डिसेंबरात पहिल्यांदा माणसाला बसवली गेली. झडप करता आली, तर झडपेचं गणितही करता येईल.

या खोट्या हृदयाच्या मर्यादाही सांगते. एक ठोका गणिताने काढायला मोठ्या संगणकालाही तासन्‌तास लागतात. प्रत्येक बाईच्या झडपेची पाळी नेमकी किती कडक, हे बाहेरून कळत नाही, ते अंदाजाने धरावं लागतं. आणि संगणकातली छाती फार शहाणी असते. ती श्वास घेत नाही, खोकत नाही, तिच्यावर चरबी नसते. म्हणून तिच्यावर पास झालेली रीत खऱ्या छातीवर पास होईलच असं नाही. मात्र शिकायला ती फार चांगली. आता पुतळ्याच्या छातीवर प्रोब फिरवून संगणकी चित्रांवर सराव करायची सोय काही ठिकाणी आहे. ज्या मुलीला पुढे रोज वीस-पंचवीस इको करायचे आहेत, तिला शंभर प्रकारच्या तिरक्या धारा आधीच बघता येतात.

आता आत्याकडे येते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारी गेली होती. वाण घ्यायला उठली आणि तिथेच चक्कर येऊन पडली. मग आम्ही तिला सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात नेलं. इको करणारी मुलगी पंचविशीची असेल. नेहमीसारखं डाव्या कुशीवर वळवून सगळं बघितलं, आणि मग म्हणाली, "आजी, आता उजव्या कुशीवर वळा." आत्या म्हणाली, "काळीज डावीकडं असतंय ना गं?" ती हसली. पेन्सिलीसारखा बारीक प्रोब तिने काढला, छातीच्या हाडाच्या उजव्या बाजूला दोन फासळ्यांमध्ये टेकवला आणि बराच वेळ थोडाथोडा वळवत राहिली. पडद्याकडे बघायची नाही, डोळे मिटून यंत्रातून येणारा डॉप्लरचा आवाज ऐकायची. एका जागी आवाज शिट्टीसारखा बारीक झाला. तिथे ती थांबली. ४.२.

नुसत्या डावीकडून बघितल्यावर तिला किती आलं होतं, ते मी विचारलं. ३.५.

उजव्या बाजूनेही बघावं, एकाहून जास्त जागांवरून वेग घ्यावा, हे युरोप-अमेरिकेच्या हृदयतज्ज्ञांच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलेलं आहे. पण त्याला वेळ लागतो, आणि बाहेर रांग असते. त्या मुलीच्या बाहेरही होती. तिने तरी पंधरा मिनिटं जास्त दिली.

आत्याचं ऑपरेशन झालं, झडप बदलली. हृदयाची भिंत जाड झाली होती, त्यातलं काही परत येईल, काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते आठ महिने मी कोणाच्या नावावर टाकू शकत नाही. दोन आकडे वेगळे का, हे तिसरीकडे जाऊन विचारायला आम्हाला कोणी अडवलं नव्हतं.

तेव्हा कोणाच्या घरी असे दोन रिपोर्ट आले, तर दोन्ही सोबत न्या, एक लपवू नका. त्या दिवशी बीपी किती होतं ते रिपोर्टावर लिहून घ्या, कारण बीपी वाढलेलं असताना आकडे बदलतात. धापेचं, छातीत दुखण्याचं, चक्कर येण्याचं आधी सांगा, रिपोर्ट नंतर काढा. महाधमनीची झडप अरुंद असेल तर विचारायला लाजू नका, "उजव्या बाजूनेही बघितलंत का?" कोणी चिडलं तर चिडू दे.

आत्या आता विहिरीपर्यंत जाते, मध्ये टेकत नाही. कळशी मात्र आम्ही उचलू देत नाही, त्यावरून रोज भांडण. या वेळी ती रेडिओ लावून बसली असेल. आत्या, सकाळची गोळी घेतलीस का? नसशील तर आता ऊठ आणि घे.